झाडलेल्या अंगणातली भेग

आमच्या दारातली जमीन फुटली तेव्हा मी दुधात भाकरी कुस्करत होते.

रविवारची दुपार होती. मला नववा महिना लागला होता आणि आई समोर बसून पहारा देत होती, कारण ताटाशेजारचा डिंकाचा लाडू मी गुपचूप नवऱ्याच्या डब्यात सरकवते हे तिनं आदल्या दिवशी पकडलं होतं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वरून नाही, बाजूनं नाही, थेट पायाखालून. फडताळातली वाटी खाली पडून गरगरत राहिली. पोटातलं बाळ असं काही दचकलं की मी टेबलाची कड घट्ट धरली.

"सुरुंग लावला काय गं मेल्यांनी?" आई म्हणाली. कऱ्हाडला आमच्या घरामागं दगडाची खाण होती, त्यामुळे आईच्या लेखी मोठा आवाज म्हणजे सुरुंगच.

"इथं कुठला सुरुंग, आई!"

म्हणाले खरी, पण हातातली भाकरी मी खाली ठेवली होती. तो आवाज मी ओळखला होता. कॉलेजात त्याचं रेकॉर्डिंग शंभरदा ऐकलं होतं. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन तडकते, त्याचा तो आवाज. आणि तो आमच्या गावात होणं शक्यच नव्हतं. तशी व्यवस्था मी स्वतः केली होती.

आमचं गाव म्हणजे हॅलोरन. कॅनडाच्या नकाशात वर वर जात राहायचं, झाडं संपतात, रस्ते संपतात, आणि मग हजारभर माणसांचं हे गाव लागतं. मी ऋजुता, इथली जमिनीची इंजिनिअर. नवरा नोआ इथलाच, गावाच्या तेलाच्या आणि पाण्याच्या नळ्या सांभाळतो. आणि आई, विजयमालाबाई, एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीतून निवृत्त झालेली, लेकीचं बाळंतपण करायला डिसेंबरात चार विमानं बदलून येऊन पोचली होती. बाबांना विमानाची भीती, म्हणून एकटीच. सामानात अळीव, ओवा, डिंक, दोन नऊवारी आणि साडीत गुंडाळलेला एक खराटा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ब्रूम. माय ब्रूम. यू हॅव प्रॉब्लेम?" त्याला काही प्रॉब्लेम नव्हता.

मी कोट चढवला आणि पुढच्या दाराकडे निघाले.

"तिकडनं नको!" आई ओरडली. "घसरशील. मागच्या दारानं जा."

आल्यापासून हा तिचा कायदा होता. पुढच्या पायऱ्यांवर बर्फ जमतो, पोटुशी बाईनं तिकडं पाऊल टाकायचं नाही. मागच्या दाराशी गाडी, गाडीत बसून आम्ही दोघं मागच्या रस्त्यानं ऑफिस, हॉस्पिटलात गेले तरी बाजूच्या दारानं, संध्याकाळी तसंच परत. दीड महिना मी पुढचं दार उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

आणि माझं डोकंच बधिर झालं.

अंगण स्वच्छ होतं. म्हणजे कऱ्हाडला सणासुदीला असतं तसं. मांडीएवढा बर्फ साचलेला असायला हवा होता, तिथं काळी कुळकुळीत जमीन उघडी पडली होती. वर सडा घालून गोठलेला पातळ चकचकीत थर, त्यावर तांदळाच्या पिठीचं मोठं कमळ, हळद-कुंकू भरलेलं. आणि कमळाच्या मधोमध, पायरीपासून थेट रस्त्याकडे गेलेली एक भेग. बोट जाईल एवढी रुंद. कडा सुरीनं कापल्यासारख्या. मी वाकून आत टॉर्च मारला, तळ दिसला नाही.

"अगं बाई!" आई मागून आली होती. "माझी रांगोळी मोडली की!"

"आई, हे कुणी केलं?"

"कोण करणार? तुझा नवरा? मीच केलं. आल्यापासून रोज करतेय. आधी त्याच्या फावड्यानं ढिगारा काढते, मग खराटा. पिठासारखा तर असतो बर्फ, भुरकन उडतो. सडा घातला की पाण्याचा ढगच होतो हवेत, पोरं बघायला येतात सगळी. तुला सांगायचंच होतं, पण म्हटलं बाळाच्या बारशाला दारात मोठी काढीन, तेव्हाच बघू दे."

"रोज?"

"मग? दारात घाण ठेवायची? तुला पहिलं मूल होणार आणि दार असं प्रेतासारखं पांढरं?"

इथं थोडं थांबून सांगायला हवं, म्हणजे मी पुढं जे बोलले ते का बोलले ते कळेल.

आमच्याकडची जमीन शेकडो फूट खोल कायमची गोठलेली. लोकांना वाटतं तिला धोका उन्हाचा. तो आहेच. जग तापायला लागल्यापासून उत्तरेतली गावंच्या गावं चिखलात रुतली. पण गोठलेल्या जमिनीला थंडीचंही वावडं असतं, हे कुणाला सांगून पटत नाही. थंडीनं प्रत्येक वस्तू आकसते. जमीनही आकसते, पण तिला सरकायला जागा कुठं? चारी बाजूंनी जमीनच. मग ती आतल्या आत ताणली जाते. थंडी हळूहळू वाढली तर ती थोडी थोडी सैल होऊन निभावून नेते. एकदम वाढली तर तडकते. कोमट चिक्की वाकते आणि गार चिक्की काडकन मोडते, तोच प्रकार. भेग वर बोटभर, पण खोल दोन-दोन पुरुष जाते. वसंतात बर्फाचं पाणी तिच्यात उतरतं, गोठतं, आणि पुढच्या हिवाळ्यात जमीन नेमकी तिथंच पुन्हा फुटते, कारण बर्फ मातीपेक्षा कच्चा. असं शेकडो वर्षं चाललं की आत बर्फाच्या मोठाल्या पाचरी तयार होतात आणि विमानातून खालची जमीन फरशा बसवल्यासारखी दिसते.

या सगळ्यावर उतारा म्हणून आम्ही शीतखांब काढले. साधी कल्पना आहे, जुनीच आहे. बंद नळी अर्धी जमिनीत पुरायची, अर्धी हवेत. आत वायू. तो जमिनीतली उष्णता घेऊन वर जातो, हवेत सोडतो, थेंब होऊन पुन्हा खाली येतो. जुने खांब फक्त हिवाळ्यात आणि आपल्या मर्जीनं चालायचे. माझ्या खांबांना पवनचक्कीवरचे पंप होते. हिवाळाभर ते जमिनीला इतकं गार करून ठेवत की कसलाही उन्हाळा येवो, तिचं काही बिघडू नये. तीन वर्षांपूर्वी हॅलोरन आणि त्यानंतर आणखी नऊ गावं. आमचं हॉस्पिटल या खांबांच्या जिवावर थेट जमिनीवर उभं राहिलं. त्याआधी इथल्या बायकांना महिनाभर आधी विमानानं दक्षिणेत जाऊन अनोळखी शहरात एकटीनं बाळंत व्हावं लागायचं. हॉस्पिटल झालं आणि ते थांबलं. माझं मूलही तिथंच होणार होतं. मला त्याचा किती गर्व होता म्हणून सांगू!

इतकी गार जमीन ठिसूळ होणार, हे आम्हाला माहीत होतं. त्याला तोड होती बर्फाची. वर मांडीएवढा भुसभुशीत बर्फ असला की हवेतली थंडी जमिनीपर्यंत एकदम पोचत नाही. गोधडीच ती. म्हणून गावाचा नियम होता, रस्ता सोडून कुठलाही बर्फ हलवायचा नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. आईला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

पण त्या क्षणी एवढा विचार कुणी केला? माझं डोकं फिरलं.

"तुला कुणी सांगितलं होतं झाडायला?" मी किंचाळले. "घाण नव्हती ती! गोधडी होती! उणे चाळीसमध्ये तू जमिनीच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलंस, वर पाणी ओतलंस! तुला प्रत्येक ठिकाणी कऱ्हाड करायचं असतं! तीन वर्षांचं काम माझं..."

आई बघतच राहिली. चौकशीच्या खिडकीत बसून तिनं जन्मभर लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या आणि सव्याज परत केल्या होत्या. माझ्या शिव्या तिनं परत केल्या नाहीत.

"मला काय ठाऊक, बाळा," एवढंच म्हणाली. मग अगदी हळू, "ऋजे, मी एकटीनंच नाही केलं."

"म्हणजे?"

"समोरची मार्था करते. तिची सून करते. पोरांना रांगोळी आवडली, मग गल्लीतल्या सगळ्यांनीच... सरबताच्या पावडरीचे रंग भरतात. तुझ्या गावाला आवडलं गं."

मी रस्त्यावर आले. सगळी गल्ली झाडलेली होती. इंजिनिअरची आईच झाडतेय म्हटल्यावर नियम सुटला असं गावानं धरलं असणार. एकापुढं एक दारं, प्रत्येक दारात वेडंवाकडं कमळ, एका दारात अस्वल. उघड्या जमिनीचा सलग काळा पट्टा. आणि भेग त्या पट्ट्यातून दारोदार चालत गेली होती. कमळं चिरत, अस्वल चिरत.

"कुठपर्यंत झाडलंय?" मी विचारलं.

आईनं तोंडावर हात ठेवला. "दवाखान्यापर्यंत," ती म्हणाली. "तिथलं तर मीच रोज जाऊन... तुझं बाळंतपण तिथं व्हायचं. म्हटलं, लेकराचं पहिलं दार ते."

हॉस्पिटलच्या पुढच्या अंगणाखालून तेलाची नळी जाते. त्याच तेलावर तिथली भट्टी चालते. नळी फुटली तर तेल जमिनीत आणि तासाभरात आतली माणसं थंडीत. आणि हवामान खात्यानं सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत पारा आणखी दहा अंश उतरणार.

मी नोआला फोन लावला. "हॉस्पिटलची नळी बंद कर. आत्ता. आणि सगळ्यांना बाहेर काढ."

"कुठं नेऊ?"

"जुन्या हॉलमध्ये. तो लाकडी खांबांवर आहे, त्याला जमिनीचं काही नाही."

"बरं," तो म्हणाला. का, कशासाठी, काही नाही. माझा नवरा कमी बोलतो म्हणून आई त्याला 'मुका जावई' म्हणायची. त्या दिवशी मला त्याच्या मुकेपणाचे पाय धरावेसे वाटले.

हॉस्पिटलात चार पेशंट होते. तीन म्हातारे आणि लीना नावाची पोरगी, दोन दिवसांच्या बाळासकट. गाड्या आल्या, स्ट्रेचर आले. आईनं लीनाचं बाळ आपल्या शालीत गुंडाळून छातीशी धरलं आणि स्टँडवरच्या आवाजात, शुद्ध मराठीत, सगळ्यांना हाकायला सुरुवात केली. "चला, सरका पुढं! दारात गर्दी नको! आजोबा, टोपी घाला आधी!" कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळे ऐकत होते.

शेवटची गाडी हॉलकडे वळली आणि मागून पुन्हा तो आवाज झाला. या वेळी मी उभी होते, पायातून वर आला, दातांपर्यंत. हॉस्पिटलच्या पुढच्या भिंतीतून काचा गळल्या. नोआ आत जाऊन आला आणि माझ्यासमोर नुसता उभा राहिला.

"बोल ना!"

"बाळंतपणाची खोली," तो म्हणाला. "जमीन फाटलीय. पलंगाखालून."

त्या पलंगावरची चादर मी मागच्याच आठवड्यात निवडली होती. पिवळी.

जुन्या हॉलमध्ये शेगडी पेटली होती. लीनाचं बाळ रडत होतं, म्हणजे ठीक होतं. मी कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि क्लेअरला फोन लावला. क्लेअर माझी वरिष्ठ, दक्षिणेत मुख्य ऑफिसात बसते. बाई वाईट नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फ कुणी हलवला होता?"

"माझ्या आईनं," मी म्हणाले.

पलीकडे मोठा सुस्कारा. सुटकेचा. "मग खांबांचा दोष नाही, ऋजुता. नियम मोडला गेला. तसं लिही. बाहेरून आलेल्या पाहुण्या व्यक्तीनं नियमाविरुद्ध बर्फ काढला. उरलेल्या नऊ गावांत सगळं सुरळीत चाललंय, पुढच्या वर्षी चाळीस गावांना खांब हवेत. उगाच घबराट नको."

आणि खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं. माझे खांब बरोबर होते. माझं गणित बरोबर होतं. चूक एका खराट्याची होती. मी "हो" म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

आईला तोडक्यामोडक्यापलीकडे इंग्रजी येत नाही, पण स्टँडवर आयुष्य काढलेल्या बाईला समोरच्याचा चेहरा वाचता येतो. ती जवळ आली.

"माझं नाव लिहायला सांगते का ती?"

मी मान खाली घातली.

"लिही की मग. माझं काय जातंय? मला काय इथं नोकरी करायचीय? म्हातारीनं केलं म्हणावं. फार तर परत पाठवतील." मग तिचा आवाज जरा हलला. "फक्त बाळंतपण होईस्तोवर राहू दे म्हणावं."

मला तोंड लपवायला जागा मिळेना. तिनं तो खराटा आणला होता, हॉलच्या दाराआड उभा केला होता. कुणाला दिसू नये म्हणून वर कोट टाकला होता.

नोआ दारात उभा होता. "ऋजुता, ये. बघ."

"काय?"

"ये."

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला त्याच्या माणसांनी नळीचं दुसरं टोक शोधायला मशीननं चर खणला होता. मागची बाजू म्हणजे जिथं आईचा खराटा कधी फिरला नाही ती. मांडीएवढा बर्फ, कुणाचं पाऊल नाही. मी चरात डोकावले. सूर्य डोंगरामागं टेकला होता, पण तांबूस उजेड बराच होता.

चराच्या भिंतीत, वीतभर मातीखाली, बर्फाची एक उभी पाचर होती. वर अंगठ्याएवढी रुंद, खाली निमुळती. स्वच्छ, काचेसारखी. तिच्या मधोमध यंदाची केसाएवढी ताजी फट.

मी हात घालून तिला शिवले.

"हा भराव आहे ना?" मी नोआला विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण दुसऱ्या कुणी तरी ते म्हणायला हवं होतं.

"भराव. आपणच टाकला. तीन वर्षं झाली."

म्हणजे ही पाचर पुराणी नव्हती. ही आमच्याच मातीत, आमच्या डोळ्यांदेखत वाढली होती. भेगेत पाणी उतरतं वसंतात. म्हणजे गेल्या वसंतात इथं भेग होती. त्याच्या आदल्या वसंतातही असणार, एका वर्षात अंगठ्याएवढी होत नाही. आणि आई तर यंदाच्या डिसेंबरात आली!

गोधडी अंगावर असतानाच जमीन फुटत होती. पहिल्या हिवाळ्यापासून. खांबांनी तिला इतकं गार केलं होतं की तिच्यात ताण सोसायची ताकदच उरली नव्हती. बर्फानं तिला वाचवलं नव्हतं, बर्फानं नुसतं झाकलं होतं. आईनं झाडलं तिथं ती मोठ्यानं फुटली आणि सगळ्यांना दिसली, एवढाच फरक.

पण मग जमिनीत पुरलेली माझी केबल? गावाखालून तिच्यावर मी कान बसवले होते, जमिनीतला बारीकसा आवाजही टिपणारे. पुढच्याच क्षणी तेही आठवलं. थंडीत घरांची लाकडंही कडकड वाजतात, म्हणून कॉम्प्युटरवर ते आवाज वेगळे काढणारी एक गाळणी मी लिहिली होती. बर्फ झाकलेल्या जमिनीतून बारीक आवाज आला तर तो लाकडाचा समजायचा आणि टाकून द्यायचा. कारण बर्फाखालची जमीन फुटूच शकत नाही. असं मी ठरवलं होतं. तीन हिवाळे जमीन ओरडत होती आणि मी तिचं ओरडणं केरात टाकत होते.

मी हॉलवर परत आले ते धापा टाकत. "आई, खराटा दे."

"आता गं कशाला? नको बाई..."

"दे म्हणते ना!"

तिनं दिला. मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि परत काढून घेतला. "वाकू नकोस. तू दाखव, मी झाडते."

चरापासून आम्ही सुरुवात केली. नोआ फावड्यानं वरचा बर्फ काढत होता, आई मागून झाडत होती, मी टॉर्च धरून. भेग सापडली. बारीक, केसाएवढी, पण सलग. आई तिच्यामागं वाकून झाडत गेली, दळण सांडलं तर माग काढत जावं तशी. मार्था आली, तिची सून आली, गल्लीतली पोरं आपापले ब्रश घेऊन आली. भेग शाळेच्या भिंतीपाशी गेली. तिथं तिला दुसरी येऊन मिळाली. दुसरीला तिसरी. झाडू तिथं भेग, झाडू तिथं भेग. आमचं सगळं गाव फुटलेल्या फरशीवर उभं होतं आणि वर पांढरं स्वच्छ पांघरूण घालून आम्ही निवांत बसलो होतो.

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अगं आई गं," ती म्हणाली. "हे सगळं आधीपासूनच होतं?"

"हो."

"मी नाही केलं?"

"नाही, आई. मी केलं."

ती जवळ आली. माझी सुटलेली टोपी नीट कानांवर ओढून बसवली.

नऊ गावांचे इंजिनिअर दर रविवारी संध्याकाळी पडद्यावर भेटतात. क्लेअरही असते. मी हॉलच्या टेबलावर लॅपटॉप उघडला तेव्हा सगळे आलेले होते, कॉफीचे मग घेऊन. क्लेअर म्हणाली, "ऋजुताच्या गावात एक दुर्दैवी घटना घडली आहे, एका पाहुणीनं..."

"थांब, क्लेअर," मी म्हणाले. "मघाशी मी हो म्हणाले ते खोटं होतं. आईचा काही संबंध नाही. खांब चुकलेत. पंप बंद करा, सगळ्यांनी, आत्ता."

गलका उठला. पुरावा काय, एका गावावरून कसं, कान काही बोलत नाहीत, आलेख सरळ आहेत. आलेख सरळच असणार, ती गाळणी मीच सगळ्यांना पाठवली होती. मी ओरडून ओरडून थकले. मग मागं उभ्या असलेल्या आईकडे लक्ष गेलं. ती खराट्याच्या काड्या ठोकून सारख्या करत होती.

"आलेख सोडा," मी म्हणाले. "तुमच्या घरात फावडं आहे? झाडू? काही पण? बाहेर जा. दारापासून दहा पावलांवर, जिथं कुणी कधी बर्फ हलवला नाही तिथं, चटईएवढी नाही, खोलीएवढी जागा जमिनीपर्यंत साफ करा. आणि या. मी थांबते."

"हा काय वेडेपणा आहे?" क्लेअर म्हणाली.

"असू दे. जा."

कुणी तरी हसलं. मग एक उठला. मग दुसरा. पडद्यावर नऊ रिकाम्या खुर्च्या राहिल्या. मागं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रेडिओ लागला होता. एका घरात मांजर टेबलावर चढून कॉफी हुंगत होतं. क्लेअर आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. हॉलमध्ये लीनाचं बाळ दूध पिऊन झोपलं होतं. नोआनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात गार पडला होता.

बराच वेळ गेला. पहिला परत आला तो थोराड माणूस होता, मिशांवर बर्फ. खुर्चीत बसला. हातमोजे काढले, पुन्हा घातले. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एकदाच.

मग दुसरी आली. ती रडत होती. तिसरा दारातच उभा राहिला, बसलाच नाही. त्याच्या मागं उघड्या दारातून अंधारात उभी असलेली मोठी इमारत दिसत होती, खिडक्यांतून दिवे. शाळा असेल, नाहीतर हॉस्पिटल. एकेक करून नऊही आले. क्लेअरनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

कुठून सुरुवात करायची? नऊ गावं, नऊ हॉस्पिटलं, सगळी माझ्या गणितावर उभी.

आई माझ्या मागून पडद्याकडे बघत होती. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. तिनं त्या नऊ चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ऋजे," ती म्हणाली, "आधी विचार त्यांना. तिकडं कुणी बाळंतीण आहे का. असेल तर तिला पहिली हलवायला सांग."

मी विचारलं. पाच हात वर झाले.